साल आणि चूल

पोलोग्राउंडच्या शेडमध्ये मशीन उतरवलं
तेव्हा त्यावर दुसऱ्याच कुणाचा हिरवा रंग होता
आणि हँडलला जुना बनियन गुंडाळलेला.
लिलावात सतरा हजार. मोटर चालू, दांडा जड.
भेरूलाल मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.
"बाई, यो तो गोल घूमे ने चौकोर खोदे!"
आणि समोरच्याची खोड सापडल्यासारखे हसले.

इंदुरात कुसवाला चूल म्हणतात, खाचेला साल.
मी नवी होते. वहीत लिहून घेतलं,
चूल सालात बसते.
आईच्या हाती वही लागली. तिने विचारलं,
कुणाची चूल, आणि कुठल्या सालात?

गोलू, आज तू छिन्नी निळी केलीस.
ओरडत नाहीये. इकडे ये.
आत गिरमीट फिरतं, बाहेर ही चौकोनी पोकळ छिन्नी,
आणि दोघांनी एकमेकांना टेकायचं नाही.
खणात चार आण्याचं नाणं आहे बघ.
सियागंजात ते कुणी घेणार नाही, इथे रोज लागतं.
छिन्नीच्या खांद्यावर नाणं ठेव, तशीच वर धर.
गिरमीट टेकेपर्यंत वर सार. चक आवळ.
आता नाणं काढ,
छिन्नी उरलेली वर ढकल, बोल्ट आवळ.
नाण्याएवढी फट राहिली पाहिजे.
तेवढ्या फटीतून सबंध दिवसाचा भुसा जातो.

मग गुण्या लाव. छिन्नी केसभर फिरली तरी
सालाच्या कडा करवतीसारख्या निघतात,
आणि ते कळतं थेट चूल ठोकताना.

आधी दोन्ही टोकं.
मग एक सोडून एक.
मधले पूल शेवटी.
सलग गेलास तर छिन्नी रिकाम्या बाजूला कलते,
वरून दिसत नाही, खाली तळ तिरका.

आणि हा दाब, जो लाकडाला खाली धरतो,
तो ढिला ठेवू नकोस.
मी ठेवला होता.

वसतिगृहाचे बेचाळीस दरवाजे, सागाचे,
सोमवारी द्यायचे. शनिवारी दुपारपासून
मशीन किंचाळत होतं, मी रेडिओ मोठा केला.
धार लावायला दहा मिनिटं लागतात,
ती माझ्याकडे नव्हती.
वर उचलताना लाकूड छिन्नीसोबतच उचललं,
वाकडं झालं,
आणि अर्ध्या इंचाची छिन्नी आतच मोडली.
भेरूलाल काही बोलले नाहीत.
त्यांनी पेटीतून हातछिन्नी काढली, थापी काढली,
आणि उरलेली साठ सालं खोदायला बसले.
रात्री वीज गेली. मी टॉर्च धरून उभी.
अडीचच्या सुमाराला म्हणाले,
जरा डावीकडे धरा, सावली पडते.
तेवढंच.

म्हणून ही दहा मिनिटं.
कोनाच्या दगडाने आतून चार फिरक्या.
बाहेरून फक्त बूर काढ, सपाट दगडावर एकदाच.
हौसेने घासत बसलास
तर अर्ध्या इंचाची छिन्नी अर्धा इंच उरणार नाही
आणि चूल आत शिरायला मागणार नाही.
शनिवारी दांड्याच्या दात्यांना ब्रश मार, मग तेल.
भुश्यावर तेल ओतू नको, त्याची खीर होते.

मिस्त्री आता सांवेरला मुलाकडे असतात.
डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कान शाबूत.
रविवारी फोन येतो. तब्येतीचं विचारलं
की म्हणतात, पहिले मशीन सुणाओ.
मी फोन चकजवळ धरते,
ते ऐकतात, आणि सांगतात, कोरडं चाललंय.
किंवा, पट्टा सैल.
एकदा म्हणाले, बाई, तुम्हाला सर्दी झालीये.

बघ, त्यांचाच आहे. तू चालव, मी धरते.
ओढ दांडा. सावकाश.

बराच वेळ तिकडून काही नाही.
इकडे साग, धूळ, ती बारीक किंकाळी.
मग फोनमधून, शांतपणे,

"छोरा, सिक्को काड्यो के नी?"

गोलूने आधी खणाकडे पाहिलं,
मग छिन्नीच्या खांद्याकडे.