हातचा

रॉन्सला, चर्चच्या उतारावर,
पपांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं,
आणि मी धावायला लागले.
घरातलं कुणी बाटलं असावं
तसा चेहरा केला त्यांनी.

"बूट घातले की निघालं," मी म्हणाले, "जवळजवळ फुकट."
कानामागची पेन्सिल हातात आली.
टायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्यांनी मधोमध रेघ मारली.
डावीकडे लिहिलं: फेर्ला. उजवीकडे: सायकल.
स्वतःचं नाव लिहायची गरज वाटली नाही.

बूट, एकशे चाळीस युरो. आठशे किलोमीटरला तळ मेला.
"म्हणजे किलोमीटरमागे साडेसतरा सेंट
तू रस्त्याला देतेस,
आणि रस्ता पावतीही देत नाही."
मोजे. मार्चमधल्या पावसाचं जाकीट.
गुडघ्यासाठी आउडेनार्डची बाई, सहा खेपा.
ह्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

मग पेन्सिल माझ्याकडे.
फ्रेमची किंमत लिहिली तेव्हा ते खोकले.
हेल्मेट. चष्मा. चपलांनाही खिळे लागतात ह्या लोकांच्या.
ऑक्टोबरात बीटचे ट्रॅक्टर रस्त्यावर शेत सांडून जातात,
साखळी महिनाभर वाळू चावत बसते.
चार आण्याची कोंबडी, मी म्हणाले, बारा आण्याचा मसाला.
आणि शर्यतीनंतरची बिअर?
"ती धावणारेही पितात."
"एकच पितात, पपा."

पण साखळीपुढे त्यांनी शून्य लिहिलं.
केबल, शून्य. चाक सरळ करणं, शून्य.
"हे कसं काय?"
"हे मी करतो."
उजवी बाजू जिंकली.
पुठ्ठा काँप्रेसरच्या वर खिळ्याला टांगला गेला
आणि वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना दाखवला गेला.

रविवारी मात्र शेल्ड नदीच्या काठाने
ते माझ्या शेजारून सायकल चालवत येत, पाण्याची बाटली घेऊन.
"इतकं हळू चालवलं तर माणूस पडतो," म्हणत.
घरी आल्यावर माझे बूट उलटे धरून टाचा बघत.
"उजवा पाय आत झुकतो तुझा.
चाक असतं तर सरळ केलं असतं."

दुकानात आता नखं रंगवून देतात.
पपांना झाकणाच्या कपातून कॉफी मिळते,
हात ऐकत नाहीत म्हणून.
ह्या वसंतात माझ्या गुडघ्याने हात टेकले
आणि मी त्यांची सायकल बाहेर काढली.
पहिल्याच चढावर साखळी दात चुकवू लागली.

दुकान शोधावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा.
योर्बेन नावाचा मुलगा, नखं स्वच्छ,
संगणकावर टाइप करत म्हणाला:
साखळी अडतीस, कॅसेट पंचावन्न,
श्रम पंचेचाळीस.
श्रम. असा रकानाच असतो बिलात.
एकशे अडतीस युरो,
बुटांपेक्षा दोन कमी.

मी काउंटरपाशी उभी राहून
त्या पुठ्ठ्यावरची सगळी शून्यं आठवत राहिले.
काळी तेलकट नखं, रात्री साडेनऊचा दिवा,
शेजारच्यांची चाकं, माझ्या भावाची, पोस्टमनची.
एवढी वर्षं बेरीज चुकत होती.
हातचा धरायचा राहून गेला होता.

बिल त्यांना दाखवलं.
त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, कागद थरथरत होता,
आणि किती दिवसांनी खुशीत आले.
"लुटलं तुला! पंचेचाळीस?
आणि जुनी साखळी? परत दिली का? मोजून बघितली असती."
दिली नव्हती. मी मागितली नव्हती.
ह्याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

मग बराच वेळ खिडकीकडे बघून:
"तुझे बूट किती झाले?"
"सहाशे दहा. पडून आहेत."
ओठांनी वजाबाकी केली त्यांनी.
"म्हणजे एकशे नव्वद बाकी आहेत.
पैसे दिलेत त्याचे.
तसेच टाकू नकोस."