अनुस्वार

पुराचं पाणी उतरलं तेव्हा प्लायवूडचा जुना फलक
चहात पडलेल्या बिस्किटासारखा झाला होता.
म्हणून नवा आला.
गावभागातल्या खोत पेंटरनी एका दुपारी
व्हरांड्यात उकिडवं बसून लिहिला:
सवादशास्त्र विभाग. अध्यापकवृंद.
आणि जतला देवळाच्या कळसाचं काम निघालं म्हणून
डबे झाकून गेले.

स वरचं टिंब राहिलं.

ते नाही हे आधी कुणाला दिसलं
यावर अजून एकमत नाही.
शिकलगार सर म्हणतात, मला.
ते बारा वर्षं रेडिओवर बाजारभाव वाचायचे,
हळद राजापुरी, बेदाणा हिरवा, आवक मध्यम,
त्यामुळे गिळलेलं अक्षर त्यांना लगेच टोचतं.
वर्गातही मान जराशी डावीकडे करून बोलतात,
माईक तिथंच असल्यासारखी.
कवठेमहांकाळच्या पोरांना वाटतं
सर खिडकीबाहेरच्या कुणाला तरी शिकवतायत.

नांद्रेकर सर म्हणाले, मी पहिल्याच दिवशी बघितलं.
मग बोलला का नाहीत?
विचारलं कुणी?

अमृता आवटी जाहिरात शिकवते.
ब्रँड म्हणजे काय हे सांगायला तिनं एकदा
पाच दुकानांची भडंग टेबलावर मांडली होती.
तास संपायच्या आत विषय संपला.
ती म्हणाली, राहू दे की तसंच, लोक थांबून वाचतील.
आणि इस्लामपूरची चार पन्नास गाठायला पळाली.

माझं नाव फलकावर रंगानं नाही.
तासिका तत्त्वावरचे खालच्या पट्टीत,
कागदावर छापून, सेलोटेप मारून.
माझ्या कागदाखाली आधीच्या माणसाचा कागद आहे,
त्याच्या आडनावाचा शेवटचा काना
माझ्या नावाशेजारी बाहेर डोकावतो.
दर जूनला मी टेप बदलतो.
त्याला हलवत नाही.

नॅकची समिती उद्यावर आली.
खोतांचा फोन बंद.
मी अर्ज लिहिला, एका टिंबाच्या खर्चास मंजुरी मिळावी.
कार्यालयानं तीन कोटेशनं मागितली.

संध्याकाळी बिरनाळे मॅडम आल्या.
विभागप्रमुख, निवृत्तीला दोन महिने.
फलकासमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला,
कपाळावरची टिकली काढली
आणि स च्या डोक्यावर दाबली.
मरून, मसुराएवढी.

त्यांचे मिस्टर गेले तेव्हा त्या टिकली न लावता यायच्या.
तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी लावून आल्या.
स्टाफरूममध्ये त्या दिवशी
कुणी काही म्हणालं नाही.
शिकलगार सरांनी फक्त त्यांच्याकडे चहा सरकवला,
नांद्रेकरांनी पंखा एक नंबरनं कमी केला.
न बोलण्याचे असे प्रकार आमच्याकडे बरेच आहेत.
अभ्यासक्रमात एकही नाही.

समिती आली. कॉम्प्युटर मोजले, मिरजेच्या सतारवाल्यांवर
मुलांनी केलेली फिल्म दीड मिनिट बघितली,
माझ्याकडे बघून विचारलं, हे कायम आहेत का?
वर कुणी पाहिलं नाही.

मे महिन्यात मॅडम गेल्या.
पुढं कधीतरी खोत आले, डबा उघडून, ब्रश घेऊन,
म्हणाले, आता देऊ का टिंब?
आम्ही चौघं होतो तिथं.
शिकलगार सर आयुष्यात पहिल्यांदा
सरळ समोर बघून बोलले:
असू द्या.

गोंद सुटत चाललाय.
अमृता मस्टरवर सही करायला जाताना
अंगठ्यानं दाबून जाते, मीही.
परवा जिन्यात थांबून पाहिलं,
नांद्रेकर सर इकडंतिकडं बघून
चवड्यांवर उभे होते.

आज सकाळी बघतोय तर
टिकली नवी आहे.
रंग तोच, पण थोडी मोठी.
मी कुणाला विचारलं नाही.