ओला आकडा

पहाटे साडेपाचला कुडचड्याच्या मासळी मार्केटात
मी आणि दत्ताराज पेटी उघडतो:
लोलक, रबराचे दोन तुकडे, पाणसळ, पाण्याची बाटली.
बर्फाचा ट्रक अजून आलेला नाही.
शेड नवं, बसणाऱ्या बायका जुन्याच.
फरशीत ट्यूबलाइट इतकी स्वच्छ दिसते
की तिच्यावर पाय ठेवायला जीव होत नाही.

कंत्राटदार वेर्णेकर फाईल घेऊन हजर.
"सर्टिफिकेट आहे बाई. परदेशी लॅबचं."
आहे खरं. तिथे एक माणूस
कमरेला दोरी बांधून, जाड तळाचे बूट घालून
तेल ओतलेल्या फळीवर पुढे-मागे चालला,
आणि कुणीतरी फळी तिरकी करत नेली
त्याचा पाय सुटेपर्यंत.
प्रामाणिक माणूस असणार.
पण इथे मासे विकायला बूट घालून कोण बसतं?

दुसरा कागद कोरड्या फरशीवरचा.
कोरड्यावर काचसुद्धा पास होते.

"हांगा उदक केन्नाच सुकना,"
सेबास्तियाना म्हणते, पाट मांडता मांडता, माझ्याकडे न बघता.
अर्धी चाचणी तिथेच निवडून झाली.
उरलेली अर्धी तिच्या पायांशी:
स्लिपर काढून टोपलीआड ठेवलेली.

म्हणून आधी मऊ रबर, अनवाणी टाचेसाठी.
कडक नंतर, गिऱ्हाइकांच्या चपलांचं.
पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा,
लोलकाचा हात आडवा धरायचा, सोडायचा.
अर्धी वीत फरशी चाटून तो वर जातो,
काटा मागे राहतो.
पहिले तीन आकडे सोडून द्यायचे.
पुढचे पाच लिहायचे.
मग दिशा बदलायची,
फरशीलाही मांजरासारखं उलटसुलट असतं.

अडतीस. सदतीस. अडतीस.
वेर्णेकर माझ्या खांद्यावरून वाचतो.
छत्तीसला पास, हे त्याला पाठ आहे.

सेबास्तियाना पायाने बादली सरकवते.
बांगड्यांचं पाणी, खवले, वर चरबीचा तवंग.
"तुजें उदक न्हय. हें घाल."

नियमात स्वच्छ पाणी लिहिलंय.
दत्ताराज माझ्याकडे बघतो.
मी बादली कलती करते.

एकोणीस.
वीस.
एकोणीस.

"पण ही पडली का कधी?" वेर्णेकर विचारतो,
आणि प्रश्न तसा चुकीचा नाही.
तीस वर्षं ओल्यात काढलेली तिची पावलं.
अंगठा आधी विचारून घेतो, मग टाच टेकते.
लोलकाला हे येत नाही.
त्याला भीती नाही, संशय नाही.
बँकेत जाता जाता पाव किलो सुंगटं घ्यायला
फोन कानाला लावून माणूस येतो, तसा तो येतो.
बसाप्पा येतो तसा,
खांद्यावर बर्फाची अख्खी लादी,
पायाखालचं काही न दिसता.
म्हणून तर त्याला आणायचं.

ट्रक लागला. आरडाओरडा सुरू.
रिपोर्टाच्या छापील तक्त्यात रकाना एकच: ओलं.
मी पट्टीने मधोमध रेघ मारते.
अलीकडे अडतीस.
पलीकडे एकोणीस, आणि पुढे
'दूषित द्रव' लिहावं की काय, यावर जरा अडते.
बांगड्यांचं पाणी, लिहिते.

वेर्णेकर कुणाला तरी फोन लावत बाहेर गेलाय.
पेटी उचलून मी दाराकडे निघते
तेव्हा लक्षात येतं,
बुटातल्या बुटात
माझी बोटं आवळलेली आहेत.