बाहेरची कड

दुपारच्या सुट्टीत, अंबडच्या आमच्या शेडमध्ये
सगळे डबे धुवायला नळाकडे गेले तेव्हा
मी मोठा व्हर्निअर काढला,
घोटे जुळवून उभी राहिले
आणि दोन गुडघ्यांमधली फट मोजली.
एक्क्याण्णव पूर्णांक चार.
एरवी मी पॉइंट शून्य पाचसाठी
लोकांचे शाफ्ट रिजेक्ट करते.

डॉक्टर इस्तंबूलचे.
दुभाषी बाई हैदराबादची, व्हिडिओवर हिंदीत सांगत होती:
हाड कापायचं, सरळ करायचं,
बाहेरून कड्या, कड्यांतून सळया,
मग पान्याने फिरवायचं, दिवसातून चार वेळा,
दर वेळी पाव मिलिमीटर.
फटीत नवं हाड येतं, आपलं आपण.
मी विचारलं, आणि स्क्रूचा बॅकलॅश?
तिला शब्द सापडेना.
डॉक्टरांना कळला. त्यांनी पहिल्यांदाच
माझ्या पायांवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

मग म्हणाले, उंची किती हवी?
चहात साखर किती, तसं.

मी नुसतं सरळ मागायला गेले होते.
पंचवटीच्या शाळेत दहा वर्षं
‘धनुष्य आलं, बाण कुठंय’ ऐकलेली मुलगी,
तिला कुणी उंचीचं विचारलंच नव्हतं.
सांगते, म्हटलं.
रात्री दाराच्या चौकटीवर पेन्सिलने
माझ्या डोक्याची रेघ मारली,
तिच्यावर पाच सेंटीमीटरांवर दुसरी.
तिथून घर कसं दिसतं म्हणून
दोन जाड वह्यांवर उभी राहिले.
फ्रिजवरची धूळ दिसली.
कॅलेंडरमागे अडकवलेली बिलं दिसली.
आणि आईचा भांग,
किती रुंद झालाय तो.

चौदा लाख ऐंशी हजार.
पीएफ, सोसायटीचं कर्ज, स्कूटी विकून आलेले,
आणि लग्नासाठी ठेवलेले सहा.
ते सहा आईनेच पुढे सरकवले.
‘लग्नासाठीच समज,’ म्हणाली.
मी तसं समजले नाही.
पैसे मात्र घेतले.

वहीत एक ओळ बरेच दिवस रिकामी होती: सोबत कोण.
वृंदामावशीला बीपी, भावाची नोकरी नवी.
शेवटी आईला घेऊन नाशिकरोडला गेले, पासपोर्टसाठी.
मशीन तिच्या बोटांचे ठसे घेईना.
पुसा, दाबा, पुन्हा दाबा.
खिडकीतला मुलगा म्हणाला, झिजलेत मावशी.
आई हात पदराला पुसत राहिली,
जणू काही सांडलंय तिच्याकडून.
चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला.
बाहेर येऊन तिने उसाचा रस मागितला
आणि विचारलं, तिकडे तुला चालवायचं कुणी?
तू, म्हटलं.
तिने ग्लास खाली ठेवला.
आधीही मीच चालवलंय, म्हणाली. ते जरा वाकडं झालं.
मी हसले. ती हसली नव्हती.

काल रविवार कारंज्यावर कुंडलिकमामांकडे गेले.
त्यांना माझा चेहरा लक्षात नसतो,
चप्पल उलटी केली की ओळखतात,
बाहेरच्या कडेने खाल्लेली टाच,
दर तीन महिन्यांनी एक रबराची पट्टी.
त्यांना सांगितलं सगळं, कड्या, पाना, मिलिमीटर.
दोरा दातांत धरून ऐकत होते.
मग झिजेल कुठनं?
सगळीकडून सारखी, मी म्हटलं.
त्यांनी चप्पल उजेडाकडे धरली.
सारखी झिजलेली कोण आणतंय माझ्याकडं, म्हणाले,
ती लोक घालतात, घालतात, न् टाकून देतात.

उत्तर नव्हतं. वीस रुपये काढून ठेवले.
फॉर्मवरचा उंचीचा रकाना
अजून कोराच आहे, शुक्रवारपर्यंत मुदत.
मामांनी नेहमीसारखी पट्टी चिकटवली
आणि उजव्या टाचेला, बाहेरच्या बाजूने,
एक खिळा जास्त मारला.