सेंटरची साक्ष

लॉनी व्हर्ब्का की तेओ आल्वारादो,
म्हणजे पुन्हा तीच शुक्रवारची रात्र उकरणार तुम्ही.
उकरा. पण एक ध्यानात असू द्या,
मी सेंटर होतो.
सगळ्या मैदानात मीच असा एक
जो आपल्याच क्वार्टरबॅककडे पाठ करून वाकतो
आणि दोन पायांमधून त्याला चेंडू देतो.

लॉनी मला चिकटून उभा राहायचा.
तळवे थंड, कोरडे,
मक्याच्या कोठारातल्या फावड्याच्या दांड्यासारखे.
'हट' म्हणण्याआधी एकदा नाकातून श्वास सोडायचा.
माझ्या कण्याला ते आधी कळायचं, कानांना नंतर.

तेओ पाच यार्ड मागे.
त्याला चेंडू फेकून द्यावा लागे,
आणि फेकण्याआधी मी पायांतून बघायचो:
उलटा तेओ,
बूट आभाळाला टेकलेले,
दिव्यांचे खांब खाली लोंबणारे.
त्याचा बाप कत्तलखान्यात दुसऱ्या पाळीला.
पोराचा एकही सामना पाहिला नाही त्यानं.
सोमवारी पेट्रोल पंपावर मलाच गाठायचा,
"कसा खेळला?"
मी काय सांगणार? म्हणायचो, "हात पक्के आहेत."

कोच स्ट्रूबे एक चाल याला द्यायचा, एक त्याला.
नेब्रास्काच्या त्या टोकाला, अडीच हजार वस्तीत,
बोलायला दुसरं होतं तरी काय,
मक्याचा भाव आणि हे.
एल्डन न्हावी एका गालाला साबण फासून थांबायचा,
गिऱ्हाईक कोणाच्या बाजूचं ते कळेपर्यंत वस्तरा उचलायचा नाही.
जुने खेळाडू म्हणत, संघाला तोंड एकच हवं.
बायका म्हणत, दोघंही गुणाचे आहेत,
आणि पाय कुणाचा मोडायचा ते कुणाला ठाऊक.
स्ट्रूबे म्हणाला,
"कोणाला बसवू ते सांगा, मी घरी जाऊन झोपतो."
कुणी सांगितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी सांगितलं.

मी दोन घरचा पाहुणा.
पण उपाशी नव्हतो हो.
दोन आवाज, दोन ताल, दोन प्रकारची घाई
माझ्या मांड्यांना पाठ झाली होती.
घरी झोपेतसुद्धा एकदा चिकटून द्यायचो, एकदा लांब.

तर ती रात्र.
शेवटचा क्वार्टर, आम्ही चार गुणांनी मागे,
गोलरेषा नऊ यार्डांवर,
गवतावर दव, चेंडू साबणासारखा.
मी वाकलो. शिवणीवर बोटं बसवली.
वाट पाहिली.
हात आले नाहीत.
श्वास आला नाही.
म्हटलं, तेओ असेल. पायांतून पाहिलं.

तिथे कुणी नव्हतं.

नुसतं गवत, छताला चिकटलेलं,
आणि खूप खाली, काळंभोर, आभाळ.
जरा मान वळवली तर कोपऱ्यात,
मैदानाबाहेर,
दोघं शेजारी शेजारी, डोकी खाली पाय वर,
हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर.
लॉनीचा हात तेओच्या पाठीवर.
तेओचा लॉनीच्या.
घड्याळ संपलं. पिवळा रुमाल पडला.
पाच यार्ड गेले, पुढे सामना गेला.

त्यानंतर अख्खं गाव म्हणालं, बघा!
हा म्हणे त्याची पाळी समजला, तो म्हणे याची.
एल्डननं त्या आठवड्यात सगळ्यांची दाढी बिनबोभाट केली.
स्ट्रूबेनं पुढच्या शुक्रवारी
पुन्हा दोघांनाच उतरवलं, आलटून पालटून,
आणि आम्ही जिंकलो, पण त्याची आठवण कुणी काढत नाही.

मला मात्र ते हात आठवतात.
पाठीवर ठेवलेला हात
ढकलतो तेव्हाही तसाच दिसतो
आणि धरून ठेवतो तेव्हाही.
"तू जा" म्हणत होते की "तू नको",
की दोघंही घाबरले होते, सतरा वर्षांची पोरं ती,
मी शपथेवर सांगू शकत नाही.

लॉनी आता बियाणं विकतो. तेओ डेन्व्हरला असतो म्हणे.
दोघांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही.
तुम्हाला एक क्वार्टरबॅक हवा की दोन,
ते खुर्चीत सरळ बसलेल्यांना विचारा.
मी त्या वेळी
उलटा होतो.