पाचवा बोल्ट

मांजरीच्या घाटावर
जुन्या टायरांच्या चळतीवर फळी टाकून
इंजिन टांगलं,
पंखा जमिनीपासून वीतभर वर.

दस्तगीर नदाफ अंकलीहून आला,
पंपसेट उघडणारा माणूस.
असलं यंत्र त्यानं आजवर उघडलं नव्हतं.
तसं बोलला नाही,
नुसता त्याच्याभोवती फिरून आला एकदा,
खरेदीच्या म्हशीभोवती फिरावं तसा.

"आधी प्लगची वायर काढ.
झोपेत लाथ मारली तर बोटं जातील."

मग गिअरच्या दांडीची पिन.
मग चार बोल्ट:
दोन सरळ आले,
एक शिव्या खाऊन,
एक रात्रभर डिझेल पिऊन, दुसऱ्या दिवशी.
तरी बूड सुटेना.
रबरी हातोडी, ठप, ठप.
पलीकडच्या उसातून बगळे उठले.

"निधान," तो म्हणाला, मला की इंजिनाला कळलं नाही.
इकडं मराठीत भांडतानाही
माणसाला शांत करायचं तर कन्नडच लागतं.

पंख्यावरच्या बारक्या पात्याखाली त्यानं बोट घातलं.
"इथं एक हाय की."
खिळ्यानं खूण ओरखडली, पातं काढलं.
आत पांढरं, घट्ट.
मला वाटलं चुना.
त्यानं जिभेला लावलं. मीठ.

एकच मोसम वापरलंय,
मालवणच्या पावलूनं क्रॉसवर हात ठेवून सांगितलं होतं.
आंबोलीचा घाट चढवून आणलं मी ते, पोत्यात गुंडाळून.
आमची कृष्णा त्या समुद्राला जात नाही.
ती पाठ फिरवून उगवतीला जाते,
तिकडचा समुद्र आमच्यापैकी कुणी बघितलेला नाही.
आणि मी तीन वर्षं
गवताचे भारे, शाळेची पोरं, एकदा एक वऱ्हाड
पावलूच्या मिठावर
या काठाचं त्या काठाला नेत होतो.

पाचवा निघाला तसं बूड आपसूक खाली आलं,
लांब दांडा बाहेर ओढत,
म्यानातून यावा तसा.
तेल सोडलं तर दुधाळ.
"पाणी शिरलंय. सील गेलं."
पंखा उतरवला.
त्यामागं, दांड्यावर घट्ट बसलेला,
वितळून काचेसारखा झालेला
हिरवा तंगूस.

माझाच.
गेल्या वैशाखात जाळं कापलं म्हणून
भरमाला मी भर बाजारात धरलं होतं,
त्याच्या आईसमोर.
तो म्हणत होता, तुझ्याच पंख्यात बघ.
मी बघितलं नव्हतं.
ते बघायला पाच बोल्ट काढावे लागतात.

दस्तगीरनं दोरा ब्लेडनं सोडवला,
माझ्या तळहातावर ठेवला,
जसा डॉक्टर खडा देतो, घरी दाखवायला.
"सील बेळगावात मिळंल. परवा जोडू."

बूड पोत्यावर आडवं ठेवलंय, वर ताडपत्री.
दोरा खिशात आहे.
भरमाच्या दारावरून आज
दोनदा गेलो.
दुसऱ्यांदा त्याच्या आईनं विचारलं,
काय रे, पाणी पाहिजे काय?
हो म्हणालो.
प्यायलो, तांब्या परत दिला.