मधली उसंत

तांबट आळीचा चढ लागला
की छातीवर कुणी ऐरण ठेवतं.
भामरेबाईंनी ईसीजीची पट्टी बोटांनी सरळ केली.
"हृदयाला प्राणवायू पुरेना, रंगनाथराव.
काम फार, पुरवठा थोडा."

मग बिलाच्या पाठीवर पेशी काढली.
तिला इवली दारं.
कॅल्शियम आत शिरतं, स्नायू मूठ आवळतो.
"म्हणजे पानातला चुना?"
हसल्या. "त्याच्याच घरातला.
ही गोळी दारं लोटून घेते,
थोडी फट ठेवून.
मूठ सैलावते, नळ्या रुंदावतात, ठोके विरळ होतात.
दोन ठोक्यांमधे हृदय स्वतः पितं,
हे माहीत होतं?"

नव्हतं.
पण साठ वर्षं हंडे ठोकलेत.
सारखं ठोकलं की तांबं हट्टाला पेटतं,
कडक होतं, चिरतं.
तेव्हा हातोडी ठेवायची, पत्रा तापवायचा.
निवला की पुन्हा मऊ.

आता घोटे जरा सुजतात,
चपलेचा पट्टा रुततो.
रविवार कारंजापाशी थांबतो एकदाच.
पूर्वी तीनदा.

दुकानात नातू घागरीला मठार देतोय.
घाईत आहे.
मी ओरडत नाही,
ओट्यावर बसून
त्याच्या ठोक्यांमधली जागा ऐकतो.